रद्द झालेली वर्गणी वाढते कशी?

"लिहा," मामा म्हणाले. "उंची मध्यम, पण प्रकरण हाती आलं की उंच वाटणारे. नजर घारीची. कान हरणाचे. मेंदू... मेंदूला काय लिहिता येईल हो, घड्याळजी?"

"जागेवर," घड्याळजी म्हणाले.

"धारदार लिहा. आणि खाली, 'गुन्हेगार ज्यांच्या सावलीला घाबरतात'."

घड्याळजींनी निमूटपणे लिहिलं. दुरुस्तीला आलेली घड्याळं ते ज्या वहीत मांडून ठेवायचे, तिच्याच शेवटच्या पानापासून उलट्या बाजूने मामांची कीर्ती सुरू होई. वही दोन्हीकडून भरत चालली होती. एक दिवस दोन्ही बाजू मध्ये कुठेतरी भेटणार आणि पट्टा बदलायला आलेलं एखादं गिऱ्हाईक 'गुन्हेगार ज्यांच्या सावलीला' वाचून पट्टा परत घेऊन जाणार, एवढीच त्यांना धास्ती होती.

मामा म्हणजे शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्या ताईंचे सख्खे मामा. भाचीचे मामा, म्हणून साऱ्या इमारतीचे मामा. नोकरी टपालात झाली, तीही बेवारस पत्रांच्या खात्यात. पत्ता चुकलेली, फाटलेली, भिजलेली पत्रं उघडून त्यांचे मालक शोधायचे, हे काम. तीस वर्षांत चार मालक सापडले, त्यातले दोन स्वतःच चौकशीला आले होते. पण निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात "मामा म्हणजे आमच्या खात्याचे गुप्तहेर" असं म्हणून टाकलं. साहेब बोलून मोकळे झाले, भोगतायत घड्याळजी.

घड्याळजींचा यात दोष एवढाच की त्यांच्याकडे भिंग होतं. डोळ्याच्या खोबणीत बसवायचं, घड्याळाची चाकं बघायचं काळं भिंग. गुप्तहेराला भिंग लागतं आणि मामांकडे ते नव्हतं. बरं, उसनं द्यावं तर मामांच्या डोळ्यात ते टिकेना. दोनदा चहात पडलं. तेव्हा ठरलं की भिंग घड्याळजींच्याच डोळ्यात राहील आणि मामा जातील तिथे घड्याळजी जातील. तेव्हापासून हरवलेली छत्री (मामांच्याच काखेत सापडली) आणि बेपत्ता मांजर (बेपत्ता नव्हतंच) अशी दोन गाजलेली प्रकरणं त्यांनी मिळून हाताळली होती.

त्या सोमवारी मामांचं वर्णन अजून मिशीपर्यंत पोचायचं होतं, तोच ताई हातात बँकेचा कागद घेऊन आल्या. कपाटाएवढं दुकान ते. तीन माणसं आत आली की घड्याळजींना हात वर करून बसावं लागे.

"मामा, पुन्हा पैसे गेले!"

"चोरी!" मामा उभे राहिले. डोकं लंबकाच्या घड्याळावर आपटलं. घड्याळाने अवेळी एक ठोका दिला.

"चोरी म्हणा नाहीतर काहीही म्हणा. त्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन आठवतंय ना?"

"वर्गणी म्हण. नीट समजतं."

"बरं, वर्गणी. घेतलं तेव्हा महिन्याला अगदी किरकोळ पडायचं. मग त्यांनी वाढवलं. मग पत्र आलं, आता आम्ही यात बुद्धी घातलीये, म्हणून पुन्हा वाढवलं. मला कशाला हवी होती त्यांची बुद्धी! मला लोकांच्या डोळ्याखालची काळी वर्तुळं घालवायची असतात. पूर्वी कसं, एकदा सीडीचा डबा विकत आणला की आपला. आता सगळं भाड्याने. आपलेच फोटो उघडायला आपणच दरमहा पैसे भरायचे, कसला हा न्याय? म्हणून पाच महिन्यांपूर्वी सोडलं मी ते. चांगली तीन-चार दुसरी बघितली. एकात सगळी बटणं भलत्या जागी. एकात दर दोन मिनिटांनी केसांच्या तेलाची जाहिरात. शेवटी एक फुकटचं बरं सापडलं. दोन महिने रडतरडत शिकले, आता हात बसला. आणि जुनं रद्द केलं."

"मग तक्रार काय आहे?"

"रद्द केलं त्या महिन्यातही पैसे गेले. म्हटलं, शेवटचे असतील. पुढच्या महिन्यात दीडपट गेले. आणि या महिन्यात दुप्पट!"

मामांनी डोळे मिटले. "म्हणजे रद्द झालेली वर्गणी नुसती जिवंतच नाही, तर वाढतेय. मेलेला माणूस जाड होतोय! लिहा, घड्याळजी."

"कंपनीला लिहिलं का?" घड्याळजींनी साधा प्रश्न विचारला.

"चारदा लिहिलं. 'तुमची तक्रार आम्हांला मोलाची वाटते' असं उत्तर येतं. बँक म्हणते, परवानगी तुमचीच आहे." ताई स्टुलावर बसल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मामा, दोन महिन्यांचं भाडं थकलंय. शेवटी ठरवलं मी. अण्णांचा तो मोठा लाकडी कॅमेरा आहे ना काचेत ठेवलेला, तो नाक्यावरच्या हॉटेलवाल्याला हवाय, दारात शोभेला. गुरुवारी चार वाजता येतोय न्यायला."

अण्णा म्हणजे ताईंचे वडील, मामांचे भावोजी. चाळीस वर्षं त्या कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घालून त्यांनी गावभरच्या लोकांना हसायला लावलं होतं. घड्याळजींच्या लग्नाचा फोटोसुद्धा त्यातलाच.

"अण्णांना विचारलं का?" घड्याळजींनी विचारलं.

"विचारलं की. 'दे की, पडूनच आहे' म्हणाले. त्यांचं कधी काही म्हणणं असतं का!"

तेवढ्यात अण्णाच दारात आले. जेवायला घरी जात आणि तीनला परत येतो म्हणून सांगत, पण येत तीन वीसला. रोज. माणूस एवढा शांत की उशीर त्यांना शोभून दिसे. हातात मऊ फडकं होतं. गेले चार दिवस ते त्या कॅमेऱ्याचं पितळ पुसत होते, न बोलता.

"काय घड्याळजी, बरं चाललंय?" म्हणत त्यांनी मनगट पुढे केलं. "तुमचं घड्याळ झकास चालतंय हं."

घड्याळजींची छाती फुगली. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी अण्णांचं हे चावीचं घड्याळ दुरुस्त केलं होतं. शहाण्या कारागिरांनी हात टेकलेलं. गिऱ्हाईक कुरकुरलं की घड्याळजी म्हणत, "शेजारच्या अण्णांना विचारा माझं काम कसं असतं ते!" आणि अण्णा प्रत्येकाला सांगत, "झकास."

अण्णा स्टुडिओत गेल्यावर मामा कुजबुजले, "भावोजी रोज वीस मिनिटं उशिरा का येतात? त्या वीस मिनिटांत काहीतरी आहे. लिहा."

"काहीतरीच काय, मामा! हे नाही लिहिणार मी," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मंगळवारी मामांचा पहिला संशय समोरच्या झेरॉक्सवाल्यावर गेला. त्याने हल्लीच पासपोर्टचे फोटो काढायला सुरुवात केली होती. मामांचं म्हणणं असं की शेजारच्या नळाला जसा कोणी गुपचूप पाइप जोडतो, तसं त्याने ताईंच्या सॉफ्टवेअरला रस्त्याखालून काहीतरी जोडलंय.

"म्हणूनच वर्गणी दुप्पट! दोघं वापरतायत!"

"असं जोडता येतं?" घड्याळजींनी विचारलं.

"येत नसतं तर त्याने जोडलं असतं का?"

लहान मुलांच्या फोटोंसाठी स्टुडिओत टोप्या-मुकुटांची पेटी होती. त्यातली ऋषींची पांढरी दाढी लावून मामा रस्ता ओलांडून गेले. घड्याळजी डोळ्यात भिंग घालून मागोमाग. एका डोळ्याने रस्ता ओलांडणं सोपं नसतं, एका सायकलवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"मी परगावचा व्यापारी," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "फोटो काढायचाय."

"या मामा, बसा," झेरॉक्सवाला म्हणाला. "दाढीसकट काढू?"

गुप्तहेराने शेवटपर्यंत हार मानायची नसते. मामांनी दाढीसकट काढला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे डागबिग घालवायला कोणतं सॉफ्टवेअर वापरता? वर्गणी किती पडते?"

"कसली वर्गणी? फोनमध्ये फुकट आहे. दोन जाहिराती बघितल्या की डाग जातो. चार बघितल्या की डोक्यावर केस येतात. तुमच्यासाठी बघू चार?"

आठ प्रती घेऊन मामा परतले. घड्याळजींना भिंगातून एकेक प्रत बघायला लावली.

"बघा! माझ्या हनुवटीवरची चामखीळ! गायब! एवढं सफाईदार काम फुकटच्या सॉफ्टवेअरचं असेल?"

"मामा, ती दाढीखाली आहे."

झेरॉक्सवाला सुटला. मग बुधवारी संशय आला तो थेट घड्याळजींवर. दुकानाची भिंत स्टुडिओला लागून, दिवसभर एक डोळा झाकलेला आणि सॉफ्टवेअरबद्दल काहीच ठाऊक नसल्याचा आव. "इतकं अज्ञान नैसर्गिक नसतं," मामा म्हणाले आणि हे वाक्य त्यांनी आरोपीकडूनच वहीत लिहून घेतलं. घड्याळजींनी आपल्या बाजूने एवढंच सांगितलं की त्यांचा फोन बटणांचा आहे. मामांनी तो उलटा करून, हलवून बघितला आणि जड मनाने त्यांना सोडून दिलं. तो दिवस घड्याळजी मामांशी बोलले नाहीत. मामांच्या ते लक्षात आलं नाही.

गुरुवार उजाडला. दुपारी चारला हॉटेलवाला येणार. सकाळपासून ताईंनी कॅमेऱ्याकडे बघायचं टाळलं होतं आणि अण्णांनी पितळ एवढं घासलं होतं की त्यात तोंड दिसावं.

मामांचा शेवटचा डाव असा होता की दुपारी अण्णा जेवायला गेले की पडद्यामागे लपायचं आणि कॉम्प्युटरवर पाळत ठेवायची. चोर येणार म्हणजे दुपारीच येणार. फोटोंसाठी मागे टांगलेला बागेच्या चित्राचा मोठा पडदा होता, त्याच्यामागे जुनं सामान आणि कचऱ्याची टोपली. मामा टोपलीशेजारी बसले. डोक्यावर पंखा, समोर अंधार, पोटात जेवण. पाचव्या मिनिटाला गुन्हेगार ज्यांच्या सावलीला घाबरतात ते गाढ झोपले.

त्यातच एक कुटुंब फोटोला आलं. आई, बाप, आजी आणि किंचाळणारं बाळ. ताईंनी खुळखुळा वाजवला, शीळ घातली, घड्याळजींना बोलावून टेबलावरच्या घड्याळाचा गजर वाजवायला लावला. बाळ थांबेना. आणि मग पडद्यातल्या बागेतून असं काही घोरणं आलं की बाळ अवाक झालं, तोंड उघडं ठेवून ऐकू लागलं, मग खुदकन हसलं. ताईंनी फटकन फोटो घेतला.

मंडळी गेल्यावर कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघतात तो काय, फोटो सुंदर, पण बागेच्या गवताखालून दोन बूट बाहेर आलेले.

"अरे देवा!" ताई म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या, त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो घेतला, इथलं गवत तिथे लावलं, इकडे पुसलं, तिकडे रंगवलं. पाच मिनिटांत बूट नाहीसे! घड्याळजींनी भिंग लावून बघितलं, जोड सापडला नाही.

"वा, ताई! मग त्या महागड्यात आणखी काय होतं?"

"काही नव्हतं हो. सवय होती, एवढंच."

डोळे चोळत मामा बाहेर आले, फोटो बघितला आणि ओरडले, "पुरावा नष्ट केलास! ते बूट चोराचे होते!"

"ते तुमचे होते, मामा."

मामांनी पायाकडे बघितलं. खोकले. मग आवाज उतरवून म्हणाले, "असू दे. घड्याळजी, जरा दुकानात चला. मी झोपलो नव्हतो, उशाशी असलेल्या टोपलीची तपासणी करत होतो." आणि दुकानात गेल्यावर त्यांनी खिशातून एक चोळामोळा केलेला कागद काढून काउंटरवर पसरला. "बेवारस पत्र. तीस वर्षांचा अनुभव आहे. हे अक्षर कोणाचं?"

अक्षर अण्णांचं होतं, टपोरं आणि वळणदार. मामांनी वाचलं:

"'आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. आमचं काही चुकलं का, असं आपण काकुळतीने विचारलंत आणि माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आपलं काहीच चुकलेलं नाही. इतकी वर्षं आपली साथ लाभली. आता केवळ मुलीच्या सांगण्यावरून आपल्याला सोडावं लागत आहे. कृपया मनाला लावून घेऊ नये. आपण इतका आग्रह करत असाल तर मी थांबतो, परंतु मुलीला कळू देऊ नये. आपला नम्र.'"

दुकानातली सगळी घड्याळं एकदम जोरात वाजतायत असं घड्याळजींना वाटलं.

"भावोजी!" मामांचा आवाज चिरकला. "माझी बहीण जाऊन सहा वर्षं झाली आणि या वयात... आणि मुलीचे पैसे! दर महिन्याला वाढत जाणारे! आता कळलं वीस मिनिटांचं गौडबंगाल. या इमारतीत बाई कोण आहे? वर!"

वर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता.

"मामा, हे पत्र टोपलीत परत टाकू या," घड्याळजी कळवळून म्हणाले. "माणसाचं खाजगी असतं काही."

पण मामा जिना चढत होते. भिंग डोळ्यात होतं, म्हणजे घड्याळजींनाही चढावं लागलं.

वर खुर्चीत एक पेशंट तोंड वासून पडलेला. डॉक्टरीणबाई हातात चिमटा घेऊन वळल्या.

"बाई," मामा म्हणाले, "माझे भावोजी साधे आहेत. त्यांना सोडा."

"कोणाला धरलंय मी?"

मामांनी पत्र पुढे केलं. पेशंटला बोलता येत नव्हतं, पण त्याने मान लांब करून वाचायचा मनापासून प्रयत्न केला. बाईंनी पत्र एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि त्या हसत सुटल्या. इतक्या की चिमटा खाली ठेवावा लागला.

"हे मला नाही हो! बरं, मला सांगा, ताईंच्या त्या सॉफ्टवेअरचं काय झालं? त्या परवा सांगत होत्या, रद्द करूनही पैसे जातात म्हणून. रद्द कोणी केलं होतं? त्यांनी स्वतः?"

मामांनी घड्याळजींकडे बघितलं. चार दिवसांत हा प्रश्न दोघांनाही सुचला नव्हता.

"अण्णांच्या नावावर खातं आहे वाटतं," घड्याळजी म्हणाले. "म्हणजे... अण्णांनीच केलं असणार."

"अण्णांना रद्द करायला सांगितलं?" बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, त्या माणसाला मी तीन वर्षांपूर्वी कवळी बसवली. दर वेळी विचारते, टोचत नाही ना? म्हणतात, छान बसलीये. परवा जिन्यात त्यांनी जांभई दिली तेव्हा मला दिसलं, हिरडीला घट्टा पडलाय! तीन वर्षं एका बाजूने जेवतायत, का, तर मला वाईट वाटेल. असा भिडस्त माणूस कोणाला रद्द करणार?" त्या पेशंटकडे वळल्या. "तुम्ही असेच पडून राहा. आलेच मी."

खाली आल्या तर तीन वाजून वीस मिनिटं झालेली आणि अण्णा नुकतेच आत शिरत होते. ताईंच्या हातात बाईंनी पत्र दिलं. ताईंनी वाचलं आणि वर बघितलं.

"अण्णा, हे कोणाला लिहिलंय?"

अण्णा फडक्याची घडी घालू लागले. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "त्या कंपनीतल्या बाईंना."

"कुठल्या बाई?"

"रद्द करायला गेलं की येतात ना त्या. चित्र येतं. हात जोडून उभ्या असतात बिचाऱ्या. 'तुम्ही आम्हांला सोडून चाललात? आमचं काही चुकलं का?' आता त्यांचं खरंच काही चुकलं नव्हतं ग. खाली लिहायला चौकोन होता. तसं एकदम काहीबाही कसं लिहायचं, म्हणून आधी कागदावर कच्चं केलं."

"आणि मग?"

"मग त्या म्हणाल्या, थांबाल तर तुमच्यासाठी आणखी चांगली योजना देतो. कोणी इतकं अजिजीने सांगत असताना तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हटलं, पुढच्या महिन्यात रद्द करू. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. तेव्हा त्यांनी त्याहून मोठी दिली. गेल्या आठवड्यात गेलो तर कुटुंब योजना दिली. पाच जणांची."

"अण्णा, आपण दोघंच आहोत!"

"तेही लिहिलं होतं मी."

मामा काहीतरी बोलणार होते, डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि त्यांनी तोंड मिटलं. ताई हसतील असं घड्याळजींना वाटलं होतं. ताई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले.

"मी तुमचा कॅमेरा विकायला काढला होता. तुम्हांला विचारलं, देऊ का? तुम्ही 'दे की' म्हणालात. आठवडाभर त्याला पुसत बसलात, पण एका शब्दाने बोलला नाहीत. का?"

"तू अडचणीत होतीस," अण्णा म्हणाले. "तुला कसं नाही म्हणू?"

घड्याळजींनी उगाच भिंग काढून शर्टाला पुसलं.

"पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अण्णा, खुर्चीत बसा. आता आपण हे मुळासकट काढू. दुखणार नाही."

अण्णा कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर हात जोडलेल्या बाई आल्या. 'आमचं काही चुकलं का?' अण्णांच्या कपाळावर घाम आला.

"मोठ्ठा श्वास घ्या. आता 'पुढे' दाबा. छान! अजून एकदा."

दुसऱ्या पानावर निम्म्या दरात दोन महिने. तिसऱ्यावर एक रडणारं पिल्लू. "अहो, पिल्लू रडतंय," अण्णा म्हणाले. "रडू दे," सगळे म्हणाले. चौथ्या पानावर कुटुंब योजनेत आणखी तीन जण फुकट. पाचव्या पानावर भलंमोठं निळं बटण होतं, 'नाही, मी थांबतो', आणि दुसरं काहीच नव्हतं.

"इथेच अडतं," अण्णा म्हणाले. "नाही म्हणायची सोयच नाही."

घड्याळजी पुढे झाले. भिंग डोळ्यात बसवून त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत बघितला. आणि अगदी तळाशी, पांढऱ्यावर करड्या रंगात, मुंगीने लिहावीत अशी अक्षरं त्यांना दिसली.

"सापडलं! 'तरीही रद्द करा.' इथे बोट ठेवा, अण्णा."

त्या भिंगाने आजवर लावलेला हा पहिलाच शोध. अण्णांनी डोळे घट्ट मिटले, पडद्याकडे तोंड करून "माफ करा हं, बाई" म्हणाले आणि बटण दाबलं. झालं. खाली ओळ आली की कुटुंब योजना घेऊन चौदा दिवस झाले नसल्यामुळे या महिन्याचे पैसे परत मिळतील. ताईंनी ती ओळ तीनदा वाचली. "एका महिन्याचं भाडं तर निघालं. दुसरं मी बघून घेईन," त्या म्हणाल्या.

बरोबर चारला हॉटेलवाला आला. दोन माणसं, दोरखंड आणि मोठं खोकं घेऊनच. सरळ कॅमेऱ्याकडे गेला.

"वा! घासून-पुसून तयारच ठेवलाय की! उचला रे."

"अहो, जरा थांबा," ताई म्हणाल्या, "माझं म्हणजे..."

"ताई, आता मागे फिरायचं नाही हं. दारात दिवा लावून ठेवलाय मी त्याच्यासाठी. काका, तुम्ही सांगा. मी किती आशेने आलोय! पाहिजे तर थोडे वाढवून देतो. माझा एवढा शब्द मोडू नका."

अण्णांनी मान खाली घातली. हे असं काकुळतीचं बोलणं म्हणजे त्यांचं मरण. गेला कॅमेरा!

"नाही," अण्णा म्हणाले.

अण्णांनी स्वतःच दचकून इकडेतिकडे बघितलं, कोण बोललं म्हणून.

"नाही म्हणजे?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"नाही म्हणजे... नाही. बसा ना. चहा घ्या. उन्हातून आलात. पण नाही."

हॉटेलवाल्याने चहा घेतला, दोन्ही माणसांना पाजला आणि रिकामं खोकं घेऊन गेला. ताईंनी अण्णांचा हात घट्ट धरून ठेवला होता, तो सोडेचनात. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी वेगळंच आलं होतं. पहिल्यांदा सायकल चालवता आलेल्या माणसाला जसं थांबवत नाही, तसं.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "कवळी टोचते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"शाब्बास! उद्या सकाळी या." बाई समाधानाने जिना चढून गेल्या. वरून तोंड वासलेल्या पेशंटचा दीनवाणा आवाज येत होता.

मामा घसा साफ करत पुढे आले. "ते पत्र टोपलीतून कोणी काढलं, हे विसरून चालणार नाही. भावोजी, या प्रकरणाचा छडा मी लावला, एवढं तरी..."

"नाही रे," अण्णा प्रेमाने म्हणाले. "तू नाही."

घड्याळजींना इतकं हसू आलं की स्टूल धरावं लागलं. चार दिवसांचं सगळं भरून निघालं. हे वहीत लिहायलाच हवं, असं म्हणत ते काखेतली वही उघडतात न उघडतात, तोच अण्णा त्यांच्याकडे वळले. मनगटावरचं घड्याळ ते हळूच सोडवत होते.

"घड्याळजी," ते म्हणाले, "अकरा वर्षं सांगीन सांगीन म्हणतोय."

घड्याळजींचं हसू ओठांवरच राहिलं.

"रोज सकाळी रेडिओवर लावतो मी हे. दुपारपर्यंत वीस मिनिटं मागे पडतं. दुरुस्त करून दिलंत ना, त्या दिवसापासून. तुम्ही इतक्या हौसेने केलं होतंत, मला बोलवेना."

घड्याळजींनी ते घड्याळ हातात घेतलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पुन्हा हातातल्याकडे बघितलं. अकरा वर्षांत त्यांनी ज्यांना ज्यांना अण्णांकडे पाठवलं होतं, ते सगळे एकामागून एक डोळ्यांसमोरून गेले.

"मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो," खांद्यामागून मामांचा आवाज आला. खूप खूप आनंदी आवाज. "त्या वीस मिनिटांत काहीतरी आहे. तुम्ही लिहून घेतलं नाहीत."

घड्याळजींनी वही उलटी केली, मागच्या बाजूने उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"लिहा," मामा म्हणाले.